घाईचा चुना

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी पाणी द्यायला फ्रिज उघडला, आणि बर्फाच्या कप्प्यात मटारच्या पिशवीशेजारी मला एक रणगाडा दिसला. वीतभर लांबीचा, हिरवा, तोफेचं तोंड माझ्याकडं करून उभा. मी काही विचारायच्या आत काकूंनी दार आपटलं आणि म्हणाल्या, "ते आमच्या ह्यांचं हाय. तिकडं बघू नको. खोली घ्यायचीय ना तुला?"

मी घेतली. ज्या घरातलं वेड असं उघड्यावर, मटारच्या शेजारी ठेवलेलं असतं, त्या घरात लपवाछपवी फारशी नसणार, असं मला वाटलं. ते खरं निघालं.

तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. मी नांदेडहून आलेली. चितेगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि कंपनीची बस सकाळी क्रांती चौकातून सुटायची. घरमालक, म्हणजे काका, पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. रेघ म्हणजे रेघ. शाई कुठं फुटलेली नाही, कोपरा कुठं चुकलेला नाही. हा नीटपणा त्यांच्या अंगात इतका मुरला होता की निवृत्तीनंतर त्याचं काय करायचं हा घरासमोरचा मोठा प्रश्न होऊन बसला होता. घरभर त्यांच्या सुबक अक्षरातल्या पाट्या होत्या. 'नळ नीट बंद करावा.' 'दार नीट लोटावे.' मोरीतसुद्धा एक होती, आणि तिच्यातही 'नीट' होतंच.

"नीट होऊ द्या" हे त्यांचं पालुपद. संत्रं सोलताना, बुटाची नाडी बांधताना, कुणाच्या घरी बाळ होणार असं कळलं तरीसुद्धा.

एकदा रिक्षांचा बंद होता म्हणून काका मला स्कूटरवर क्रांती चौकात सोडायला निघाले. आधी सीट पुसली. मग आरसा पुसला, आरशात बघून दुसरा आरसा पुसला. स्कूटर तिरकी केली, सरळ केली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि कुलूप ओढून बघितलं का नाही अशी शंका आली म्हणून परत फिरलो. चौकात पोचलो तेव्हा बसचा धूरसुद्धा उरला नव्हता. काकांनी शांतपणे रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बस जरा घाईत होती."

काकूंचं उलट. बाई म्हणजे भिंगरी. एका हातानं फोडणी, दुसऱ्या हातानं केर, तोंडानं शेजारणीशी भांडण, आणि तिन्ही एकाच वेळी संपायचं. त्यांच्या पोळ्यांना आकार नसायचा, पण पहिली पोळी ताटात पडायच्या आत तिसरी तव्यावर असायची. "झालं" हा त्यांचा शब्द. काम अर्ध्यावर असतानाच त्या "झालं" म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि उरलेलं काम बिचारं त्या शब्दाला घाबरून आपोआप उरकायचं. ही दोन माणसं एका छपराखाली चाळीसेक वर्षं कशी राहिली, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता रणगाड्यांचं सांगते. प्लॅस्टिकचे तुकडे जोडून हुबेहूब छोटे रणगाडे बनवायचे आणि रंगवायचे, हा काकांचा छंद. बाहेरदेशी राहणारा पुतण्या खोकी पाठवायचा. पण काकांना साधे हिरवे रणगाडे नको असायचे. त्यांना पाहिजे असायचा हिवाळ्यातला रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात रशियाकडं बर्फ पडला की हिरवे-करडे रणगाडे लांबून उठून दिसायचे. मग शिपाई मिळेल तो चुना, मिळेल त्या झाडूनं, चिंधीनं त्यांच्यावर फासायचे आणि पुढं जायचे. तो चुना पुढं पावसानं, बुटांनी, घासून घासून निघायचा आणि खालचा हिरवा डोकावायचा. काकांना तसा, अर्धा निघालेला, पांढरा हवा असायचा.

"बर्फ बघितलाय का तुम्ही कधी?" मी पहिल्याच रविवारी विचारलं.

"पाणी मी सगळ्या तऱ्हांचं बघितलंय," काका म्हणाले. "साचलेलं, वाहतं, झिरपणारं, फुटलेल्या कालव्याचं. गोठलेलं तेवढं राह्यलं."

म्हणून तो रणगाडा फ्रिजमध्ये. उतरत्या पत्र्यावर बर्फ कसा बसतो, ते बघायला. मे महिन्यात, बाहेर डांबर पायाला चिकटत असताना, वीज गेलेली असताना, काका बनियनवर बसून रशियातला हिवाळा रंगवायचे. कपाळावरचा घाम रणगाड्यावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधलेला. काकू जाता-येता म्हणायच्या, "थंडी वाजली तर सांगा, शाल देते."

ह्या कामाची एक युक्ती आहे. आधी हिरवा रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर केसांचा फवारा मारायचा, बायका केस जागच्या जागी बसवायला वापरतात तो. त्यावर पांढरा. मग ओल्या ब्रशनं हलकं घासलं की फवारा विरघळतो आणि पांढरा खपल्या-खपल्यांनी निघतो. आता काकांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हते. गुलमंडीतल्या दुकानात त्यांनी फवाऱ्याची बाटली मागितली तेव्हा दुकानदारानं त्यांच्या टकलाकडं बघून विचारलं, "किसकू होना, चच्चा?"

"रणगाडे को," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे; खोटं बोलायलाही थोडी घाई लागते.

तेवढ्यात काकूंच्या भिशीतल्या एका बाईंनी त्यांना बघितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी: काका कुणासाठी तरी फवारा घेतात. पुढच्या भिशीत काकूंना दोघीतिघींनी आडून आडून विचारलं. काकू हसून हसून लाल झाल्या. "अगं, बाईच्या मागं लागायचं म्हणलं तरी ह्यांना घराबाहेर पडायला कुलूप लावण्यातच सांज व्हईल. ह्यांचं लफडं हाय ते रशियात."

वर्षातून एकदा काका एक रणगाडा घेऊन पुण्याला जायचे. तिथं असल्या छंदवाल्यांचं एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरायचं. स्टीलच्या डब्यात मुरमुरे भरून त्यात रणगाडा पुरायचा आणि डबा मांडीवर घेऊन एस.टी.त बसायचं. येताना मुरमुरे खाऊन संपवलेले असायचे आणि चेहरा पडलेला असायचा. तिथले परीक्षक जाड भिंगांचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. दरवर्षी ते काकांचा रणगाडा उचलायचे, फिरवून बघायचे आणि खाली ठेवायचे. एका वर्षी म्हणाले, "काम अतिशय सुरेख. पण हा लढाईला निघालेला वाटत नाही हो. मुलगी बघायला निघालेला वाटतो."

त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं, "पांढरा निळसर का दिसतो?"

"नीळ घातलीय," काका म्हणाले. "चुन्यात नीळ नको का? नाहीतर पिवळट मारतो."

"लढाई चालू असताना नीळ कोण शोधत बसेल?"

हे मला सांगताना काका खरोखर दुखावलेले होते. "साधी नीळ हो! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते." मी म्हटलं, काका, रशियात तुमचा कोपरा नव्हता. पण त्यांना पटलं नाही. घर असो, रणगाडा असो, चुन्यात नीळ पडलीच पाहिजे. बिननिळीचा चुना त्यांच्या लेखी नापास.

खरी अडचण निळीची नव्हती, आणि ती काकांनाही कळत होती. शिपायांनी तो चुना जिवाच्या घाईनं मारलेला, आणि काकांना घाई येत नव्हती. ते बारीक ब्रशनं एकेक ओघळ रंगवायचे, एकेक खपली मोजून उडवायचे. मग त्यांनी स्वतःला घाई लावायचे उपाय सुरू केले. काकूंनी कुकर चढवला की ब्रश हातात घ्यायचा आणि तिसऱ्या शिट्टीला, जसं असेल तसं, खाली ठेवायचा. पहिल्या दिवशी डाळ कच्ची राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिसऱ्या दिवशी काकूंनी पाळत ठेवली, तर काका दोन शिट्ट्यांच्या मधे हळूच येऊन गॅस विझेल इतका बारीक करून जाताना सापडले.

"माझी डाळ कच्ची ठिवून तुमचं गाडं पांढरं व्हतंय व्हय?" काकू कडाडल्या. रणगाड्याला त्या गाडंच म्हणायच्या.

"जरा नीट होऊ दे म्हटलं," काका पुटपुटले.

मी तिथं राहायला लागून दोन-अडीच वर्षं झाली असतील, तेव्हा काकांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या बशीत कळलं, मग ब्रशच्या टोकाला. डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, वाढत जाईल.  काकांनी माळ्यावर जपून ठेवलेलं एक मोठं खोकं खाली काढलं. पुतण्यानं पाठवलेला तो सगळ्यात मोठा रणगाडा. हात आणखी चांगला बसला की करू, असं म्हणत तो त्यांनी वर्षानुवर्षं राखून ठेवला होता. आता हात बसायचा नव्हता, उठायला लागला होता.

"हा शेवटचा," ते मला म्हणाले. "बक्षीस नको मला. त्या माणसानं एकदा हातात घेऊन म्हणावं, हा लढाईतला आहे. मग मी मोकळा."

  आमच्या कारखान्यातल्या रात्रपाळीच्या बायका गुडघ्याला लावतात तो पट्टा मी त्यांना मनगटासाठी आणून दिला. त्यांनी तो नीट घडी घालून कपाटात ठेवला.

जोडणी, हिरवा रंग आणि त्यावरचा फवारा उरकायला उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला. थरथर कमी असायची तेवढे सकाळचे तासच ते बसत. पांढऱ्यापाशी येऊन मात्र काका थांबले. रोज वाटीत पांढरा कालवायचे, ब्रश बुडवायचे, हाताकडं बघायचे आणि वाटी झाकून ठेवायचे. बिघडला तर दुसरा नव्हता. पुण्याला जायचा दिवस जवळ येत होता.

त्यात महालक्ष्म्या आल्या. गौरींना आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या ज्या भिंतीपुढं उभ्या राहणार ती भिंत आदल्या दिवशी चुन्यानं पांढरी झालीच पाहिजे, हा काकूंच्या सासूचा नेम. मागच्या वर्षी हे काम काकांनी अंगावर घेतलं होतं. कपाट ओढून त्यांनी कोपऱ्यापासून सुरुवात केली, चिकटपट्ट्या लावल्या, नीळ घालून सहा वेळा गाळलेला चुना लावला; आणि लक्ष्म्या दारात आल्या तेव्हा काकांची कपाटामागची तेवढीच जागा झाली होती. काकूंनी कपाट जागेवर ढकललं, लक्ष्म्या दुसऱ्या भिंतीला बसवल्या आणि ते वर्षभर ऐकवलं.

यंदा काकूंनी कुणाला विचारलं नाही. माझी सुट्टी होती. दुपारी काकांचा डोळा लागल्यावर त्यांनी पदर खोचला, बादलीत चुना कालवला आणि कुंचा घेऊन भिडल्या. फटाफट, फटाफट. काका आवाजानं उठून आले तोवर निम्मी भिंत झाली होती.

"नीळ टाकली का?"

"येळ हाय का नीळ टाकायला? उद्या लक्ष्म्या यायच्यात!"

 काका दाराच्या चौकटीला टेकून त्या भिंतीकडं बघत बसले. काकूंचा हात वर पोचत नव्हता तिथं चुना विरळ होता आणि खालची जुनी पिवळी भिंत दिसत होती. कमरेच्या उंचीवर दाट. खाली ओघळ. खिळ्याला वळसा घालायला फुरसत नव्हती म्हणून कुंचा खिळ्यावरूनच गेलेला. कपाट हलवलंच नव्हतं. कडेपर्यंत मारून काकू "झालं" म्हणाल्या होत्या.

काकूंना वाटलं, हे खोडी काढतायत. "असे काय बघायलात? चांगलं नाय दिसत तर डोळे मिटा."

"लई चांगलं दिसतंय," काका म्हणाले. मी त्यांच्या तोंडून 'लई' पहिल्यांदाच ऐकलं. मग ते आत गेले आणि तो मोठा हिरवा रणगाडा दोन्ही हातांनी धरून बाहेर घेऊन आले. तो त्यांच्या हातात थरथरत होता. त्यांनी तो काकूंच्या पुढं पाटावर ठेवला, शेजारी पांढऱ्याची वाटी ठेवली.

"ह्याला पण मार."

काकूंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डोकं फिरलं का तुमचं? सहा म्हैने बसून केलंय ते. माझ्या हातानं घाण व्हईल."

"होऊ दे."

"कुकर लावलाय मी."

"मग तर घाईच कर," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

काकांचा बारीक ब्रश काकूंनी एकदा बोटांत धरून बघितला आणि बाजूला टाकला. कुंच्याचा एक झुपका तोडून घेतला. मग बाई रणगाड्याला अशी भिडली की जणू तोही उद्या लक्ष्म्यांपुढं मांडायचा आहे. तोंड चालूच. उद्याच्या सोळा भाज्या, आणायची राहिलेली केळीची पानं, ह्या घरात तिला मिळालेलं सुख. तोफेच्या खाली झुपका शिरेना, तिथं हिरवा राहिला. बाजूला रंगवलेल्या आकड्यावरून झुपका सरळ फिरला. तो आकडा काकांनी आठवडाभर खपून काढला होता. काका "अगं तिथं..." म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मागच्या बाजूला काकूंचा ओला अंगठा उमटला. तिसरी शिट्टी झाली. "झालं!" म्हणून काकूंनी झुपका वाटीत टाकला आणि स्वयंपाकघरात पळाल्या.

काकांनी डोळे उघडले.  मग हळू आवाजात मला म्हणाले, "बर्फ पडायला लागलाय आणि तिला पुढं जायचंय."

पुढची घासणी त्यांनी फक्त शिपाई पाय देऊन वर चढतील तेवढ्या जागी केली, थरथरत्या हातानं. थरथर तिथं उपयोगी पडली. अंगठ्याला त्यांनी पाण्याचा थेंबही लागू दिला नाही.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. मुरमुऱ्यांचा डबा ह्या वेळी काकूंच्या मांडीवर होता, आणि घाटात बस लागून मळमळायला लागल्यावर त्यातले निम्मे त्यांनी आम्हाला न विचारता संपवले. सभागृहात ते जाड भिंगांचे परीक्षक आले. त्यांनी रणगाडा उचलला, फिरवला. तोफेखालचा हिरवा बघितला. चुन्याखाली गेलेला आकडा बघितला. मागच्या अंगठ्यापाशी थांबले. काकांचे हात थरथरत होते म्हणून काकूंनी त्यातला एक पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.

"ह्यांना घाई होती," परीक्षक म्हणाले. "हा लढाईतला आहे. जमलं तुम्हाला."

मी पटकन काकांकडं बघितलं, कारण काकांना खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. तिथला नियम असा की सगळं काम स्वतःच्या हातचं पाहिजे.

"मला नाही जमलं," काका म्हणाले. "पांढरा ह्यांनी मारलाय." बायकोला चारचौघांत 'ह्यांनी' म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि काकूंनीही.

"मला काय येतंय त्यातलं," काकू गडबडून म्हणाल्या. "उद्या लक्ष्म्या हुत्या, म्हणून आपला मारला."

अर्थातच रणगाडा स्पर्धेतून बाद झाला. परीक्षकांनी मात्र जाताना काकूंना वाकून नमस्कार केला. परतीच्या एस.टी.त काकांचा चेहरा बघायला हवा होता. कुठल्याही थांब्यावर त्यांनी कुलपाची शंका काढली नाही.

पुढं माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. काकांनी रंग पुन्हा हातात घेतला नाही. तो रणगाडा बाहेरच्या खोलीत फळीवर असायचा, आणि आल्या-गेल्याला ते आधी त्याची मागची बाजू दाखवायचे.

काका गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं, तेव्हा भाद्रपदात मी त्या घरी गेले. पुतण्या बायकोला घेऊन परत आला होता आणि वरच्या, माझ्या खोलीत राहात होता. लक्ष्म्या आता ती सून बसवते. भिंत मात्र काकूंचीच. त्या पदर खोचून कुंचा घेऊन उभ्या होत्या. रणगाडा फळीवरून काढून धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पलंगावर ठेवला होता.

मला राहवलं नाही. मी काकांच्या सुरात विचारलं, "नीळ टाकली का?"

"टाकली की," काकू मागं न बघता म्हणाल्या. बादलीत बघितलं तर खरंच टाकली होती. कुंचाही हळू चालला होता, खालून वर, वरून खाली, खिळ्याला वळसा घालून. ह्या बाईला असं सावकाश काम करताना बघून मला एकदम रडू आलं. काकांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

"रडतीस काय? कपाट सरकव जरा," काकू म्हणाल्या. "मागं बी मारायचंय. मी कधी मारलंच नाय तिथं."

आम्ही दोघींनी कपाट ओढलं. मागं कोपऱ्यात चौकोनी तुकडा होता, नीळ घातलेल्या चुन्याचा. एक ओघळ नाही, एक डाग नाही. कड अशी सरळ, जशी कालव्याच्या नकाशातली रेघ. काकांनी मारल्यापासून इतक्या वर्षांत तिथं कुणाचा कुंचा गेला नव्हता.

 काकूंनी कुंचा बादलीत ठेवला.

"लाव कपाट परत," त्या म्हणाल्या. "तेवढं नीट झालंय."